एक दिवसाची सहल आणि येलदरीचा हिशेब

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनासाठी पंजाब, हरियाना, दिल्ली येथून आणि त्याहीपलीकडून येणारा यात्रेकरू बहुधा त्याच दिवशी परत फिरत नाही. एवढा लांबचा प्रवास करून आलेले कुटुंब दोन-तीन दिवस शहरात राहते. दर्शन होते, गोदावरीच्या घाटावर जाणे होते, बाजारात खरेदी होते. आणि परतीच्या गाडीला अजून एक अख्खा दिवस शिल्लक असतो. या शिल्लक दिवसाचे काय करावे, हा प्रश्न यात्रेकरूच्या दृष्टीने लहान असेल. परंतु नांदेडभोवतालच्या शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या परिसरातील गावांच्या दृष्टीने तो लहान नाही. कारण या दिवसाबरोबर पैसाही बाहेर पडत असतो. तो कोठे थांबतो आणि कोठून नुसता पुढे जातो, हे ठरविणारी व्यवस्था आज कोणाच्याही विचारपूर्वक निर्णयाने चाललेली नाही.

२००८ साली गुरुता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नांदेड शहरावर मोठा सार्वजनिक खर्च झाला. रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले, विमानतळ सुधारला. यात्रेकरूला नांदेडपर्यंत आणण्याची व्यवस्था झाली, हे योग्यच झाले. तथापि, नांदेडहून पुढे ग्रामीण भागात जाणारी एक दिवसाची सहल ही बव्हंशी वाहनचालकाच्या सांगण्यावर आणि यात्रेकरूच्या घाईवर सोडून दिली गेली. माहूर, कंधार, सहस्रकुंड, औंढा नागनाथ ही नावे घेतली जातात. सकाळी निघायचे, जमतील तितकी ठिकाणे 'करायची' आणि रात्री परत यायचे, असा तिचा सर्वसाधारण परिपाठ. या यादीत गाव येते ते पाहण्याचे ठिकाण म्हणून. तेथे माणसे राहतात, त्यांनाही या येण्याजाण्याचा काही हिशेब असू शकतो, ही गोष्ट नियोजनाच्या कक्षेबाहेरच राहते. परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी वसलेले येलदरी हे या दृष्टीने विचार करण्याजोगे गाव आहे.

दोनदा देणारे गाव

अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पूर्णा परभणी जिल्ह्यातच गोदावरीला मिळते. तिच्यावरचे येलदरी धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. सुमारे ४.२ किलोमीटर लांबीची आणि ५१ मीटर उंचीची मातीची भिंत, सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे ३३ अब्ज घनफूट एकूण साठ्याचा जलाशय आणि पायथ्याशी साडेसात मेगावॉटच्या तीन संचांचे वीजगृह, असे हे मराठवाड्यातील एक प्रमुख धरण. वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी नदीच्या पात्राने खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि कालवे निघतात ते सिद्धेश्वरहून. परभणी, हिंगोली आणि नांदेड या तिन्ही जिल्ह्यांतील शेतीला या प्रकल्पाचा आधार आहे. परभणी शहराच्या पिण्याच्या पाण्याची भिस्तही आज येलदरीवरच आहे.

या सर्व उपकारांची किंमत प्रथम कोणी मोजली, हे सांगण्यासाठी विशेष संशोधनाची आवश्यकता नाही. जलाशय ज्या जमिनीवर उभा राहिला ती पूर्णाकाठची जमीन होती. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ साली. येलदरीची भिंत त्याच्या आठ वर्षे आधी पुरी झाली होती. कायद्याचे संरक्षण येण्यापूर्वीच ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या पिढीच्या वाट्याला काय आले असेल, याची कल्पना करता येते. पुढे पाणी साठले. परंतु ते उताराने वाहणारे असल्यामुळे खालच्या मुलखाचे झाले. धरणाच्या वरच्या अंगाची जमीन कालव्याच्या पाण्याला उंच पडते, हा निसर्गाचा नियमच आहे. अर्थात, त्यासाठी कोणाला दोष देता येणार नाही. वीज तारांतून निघून गेली. म्हणजे जमीन हे पहिले देणे आणि पाणी व वीज हे दुसरे. खालच्या लाखो लोकांच्या हितासाठी ही दोन्ही देणी आवश्यक होती, असे म्हणता येईल व ते खरेही आहे.

आता तिसऱ्या देण्याची वेळ आली आहे. विस्तीर्ण जलाशय, त्याच्या काठचा निवांतपणा, माळरानावरून वाहणारा वारा आणि हिवाळ्यातील स्वच्छ आकाश यांनाही बाजारात किंमत आली आहे. जलसंपदा विभागाच्या ताब्यातील धरणालगतच्या जागा व विश्रामगृहे खासगी सहभागातून पर्यटनासाठी विकसित करण्याचे धोरण राज्य शासनाने २०१९ मध्ये स्वीकारले. कृषी पर्यटनाचे धोरण २०२० मध्ये आले. ही धोरणे येलदरीपर्यंत केव्हा व कोणत्या स्वरूपात पोहोचतील, हा वेगळा प्रश्न. परंतु पोहोचतील तेव्हा देखाव्याचा पैसाही उताराने खाली वाहून जाणार काय, हा प्रश्न आजच विचारणे शहाणपणाचे आहे. जमीन आणि पाणी यांबाबत भूगोलाने गावाचे हात बांधले होते. सहलीबाबत तसे काहीही बांधलेले नाही.

वेळापत्रक हेच वाटपाचे धोरण

एक दिवसाच्या सहलीचे अर्थशास्त्र मुक्कामाच्या पर्यटनाहून वेगळे असते. मुक्कामी पर्यटक निवासावर खर्च करतो. एक दिवसाचा प्रवासी ज्या शहरातून निघतो त्याच शहरात परत जाऊन झोपतो. निवासाचा खर्च, रात्रीचे जेवण, वाहनाचे भाडे, इंधन हे सारे शहराच्या किंवा हमरस्त्याच्या वाट्याला जाते. ग्रामीण भागात उरते ते दुपारचे जेवण, चहा, थोडी खरेदी आणि मंदिरातील दक्षिणा. अजिंठा-वेरूळची लेणी पाहणारा पर्यटक छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत मुक्काम करतो आणि लेणी पाहून संध्याकाळी तेथेच परततो, हे कित्येक दशके चालत आले आहे. जगाचा वारसा गावाच्या हद्दीत असतो, पण मुक्कामाची वस्ती शहरात असते. तेव्हा दुपारचे जेवण कोठे होते, हा सहलीतील किरकोळ तपशील नसून तिच्यातील सर्वांत महत्त्वाचा आर्थिक निर्णय आहे.

हे स्पष्ट होण्यासाठी केवळ गणितापुरते काही आकडे गृहीत धरू. नांदेडहून वसमत, औंढा, जिंतूर या मार्गाने येलदरीस जाऊन परत येण्यास सुमारे २३० किलोमीटर पडतात. सहा जणांच्या एका कुटुंबाने किलोमीटरला १५ रुपये दराने वाहन ठरविले, तर भाडे झाले ३,४५० रुपये. वाटेत हमरस्त्यावरील उपाहारगृहात जेवणाचे १,२०० रुपये, मंदिरातील पूजा-दक्षिणेचे २५० रुपये आणि धरण पाहताना चहा-शेंगदाण्यांचे १०० रुपये धरले, तर एकंदर खर्च ५,००० रुपये. त्यांपैकी येलदरीचा वाटा शंभर रुपये, म्हणजे शेकडा दोन.

आता तेच कुटुंब, तोच रस्ता आणि तेच वाहन घ्यावे. फक्त जेवण येलदरीस ठेवावे. भाकरी, तुरीचे वरण, भाजी, ठेचा असे घरगुती जेवण माणशी १५० रुपयांप्रमाणे ९०० रुपये. वाहन उभे करण्याचे व वाट दाखविणाऱ्या स्थानिक तरुणाचे मिळून १५० रुपये. ज्वारी, तूर, हळद अशा मालाची खरेदी ३५० रुपये. भाडे व दक्षिणा पूर्वीइतकीच. एकूण खर्च ५,१०० रुपये होतो. पाहुण्याचा खर्च शंभर रुपयांनी वाढला. गावाचा वाटा मात्र शंभर रुपयांवरून चौदाशे रुपयांवर, म्हणजे एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक झाला. हे सर्व पैसे गावातच राहतील असे नव्हे. तेल, साखर, गॅस जिंतूरच्या बाजारातून येणार. परंतु धान्य, भाजी आणि मुख्यतः श्रम गावचे असल्यामुळे ही गळती मर्यादित राहील. यासाठी अनुदान लागत नाही, कर्ज लागत नाही की नवी इमारतही लागत नाही. लागतो तो वेळापत्रकातील एक बदल. सहलीचे वेळापत्रक हे वरवर सोयीचे कोष्टक दिसत असले, तरी वस्तुतः ते उत्पन्नाच्या वाटपाचे धोरण असते.

कमी ठिकाणांची सहल

हा बदल सुचविताना एका लोकप्रिय समजुतीशी मात्र सामना करावा लागतो. जितकी जास्त ठिकाणे तितकी सहल यशस्वी, अशी ती समजूत आहे. नांदेडहून औंढा, तेथून जिंतूरजवळच्या नेमगिरीची जैन लेणी, मग जालना रस्त्यावरील चारठाण्याची प्राचीन मंदिरे व पुष्करणी, मग येलदरी, तेथून सेनगावमार्गे नरसी नामदेव आणि हिंगोलीवरून परत असा कार्यक्रम कागदावर सहज आखता येतो. प्रत्यक्षात त्यात सारा दिवस आसनावर बसून जातो. लहान मुले रडू लागतात, वृद्धांचे गुडघे धरतात आणि शेवटची दोन ठिकाणे अंधारात पाहावी लागतात. अशा सहलीत कोणत्याही गावी अर्ध्या तासापेक्षा अधिक थांबणे होत नाही, आणि जेथे थांबणे नाही तेथे खर्चही नाही. घाईची सहल पाहुण्यालाही लाभत नाही आणि यजमानालाही.

म्हणून एका दिवसाला एकच बाजू निवडावी. सकाळी सातला नांदेड सोडल्यास नऊच्या सुमारास औंढ्यास पोहोचता येते. यादवकालीन शिल्पांनी मढलेले हे नागनाथाचे मंदिर दीड तास सहज मागून घेते. नेमगिरीच्या डोंगरातील गुंफांत दगडाच्या लहानशा आधारावर तोललेली पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. तिच्या दर्शनास आणखी एक तास धरावा. साडेबारा-एकपर्यंत येलदरीस यावे, जेवावे, विसावा घ्यावा, काठाने फिरावे आणि चारला परतीची वाट धरावी. म्हणजे सातच्या सुमारास यात्रेकरू शहरात असतो. या कार्यक्रमात सर्वांत दीर्घ थांबा येलदरीस आहे, हे लक्षात घ्यावे. तो योगायोग नसून नियोजनाचा हेतू आहे.

दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्या खेपेस नरसी करावी. पंजाबातून आलेल्या भाविकाच्या दृष्टीने या वाटेला एक आगळे महत्त्व आहे. संत नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे त्यांचे जन्मस्थान मानले जाते आणि औंढ्यास त्यांना विसोबा खेचरांची गुरुकृपा लाभली, अशी परंपरा सांगते. पंजाबातील घुमान येथे नामदेवांचे वास्तव्य झाले म्हणून २०१५ मध्ये ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले आणि महाराष्ट्रातून हजारो मराठी माणसे तेथे गेली. मराठी माणूस नामदेवांच्या मागावर घुमानला गेला. नांदेडपर्यंत आलेल्या पंजाबी माणसाला मात्र नामदेवांचे औंढा आणि नरसी येथून दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहेत, हे नीट सांगण्याची व्यवस्था नसावी, ही उणीव सहज भरून काढता येण्याजोगी आहे. गुरुमुखी आणि हिंदीतील एक साधे माहितीपत्रक यात्री निवासात ठेवले, तरी पुष्कळ काम होईल.

रविवारचा भार

एक दिवसाच्या सहलींचा सर्वांत मोठा दोष म्हणजे त्या एकाच दिवशी निघतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्याच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चौघांचा मृत्यू झाला. दोन्ही दिवस रविवारचे होते. पुण्या-मुंबईची नोकरदार वस्ती आठवड्यातून एकदाच मोकळी होते आणि मोकळी झाली की एकदमच बाहेर पडते. अशा गर्दीपुढे पूल, रस्ते, पोलीस आणि आरोग्य केंद्र यांपैकी काहीच पुरे पडत नाही. आणि उरलेले सहा दिवस तेथील दुकानदार माशा मारीत बसतो.

या बाबतीत नांदेडची स्थिती अधिक अनुकूल आहे. तेथील यात्रेकरू आठवड्याच्या सर्व दिवशी येतो. त्याचा मोकळा दिवस मंगळवार असेल वा गुरुवारही असेल. येलदरीच्या वीजगृहासारखी जलविद्युत केंद्रे मागणीचा भार वाढेल त्या तासांना उपयोगी पडतात, कारण पाणी साठवून हवे तेव्हा सोडता येते. माणसांची गर्दी अशी साठविता येत नाही. तिला आधीच आठवडाभर पसरावे लागते. सोमवार ते शुक्रवार या दिवसांत ठराविक संख्येने यात्रेकरू येलदरीस पाठविणे आणि रविवार परभणी-जिंतूरच्या स्थानिक कुटुंबांसाठी मोकळा ठेवणे, असा क्रम लावला तर गावावर एकाच दिवशी भार पडणार नाही. रोज वीस माणसांचे जेवण करणे बचत गटातील चार स्त्रियांना जमते. रविवारी दोनशे माणसांचे जेवण करणे जमत नाही. ते करावयास मग शहरातला ठेकेदार येतो, आणि गाव पुन्हा पाहत राहते.

संख्येवर मर्यादा घालणे आपल्याकडे अशक्य आहे, असे म्हणण्याचे कारण नाही. ऐतिहासिक साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आणि प्रवेशशुल्क लावण्यात आले. वन विभागाच्या देखरेखीखाली आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या ही व्यवस्था पाहतात आणि स्थानिक तरुणांना त्यातून हंगामी काम मिळते. तेथे वाद झाले, गर्दीच्या तक्रारीही आहेत. परंतु शुल्क कोणी घ्यावे आणि माणसे कोणाची लागावीत, या प्रश्नांचे उत्तर तेथे गावाच्या बाजूने दिले गेले, ही गोष्ट महत्त्वाची. अजिंठ्यास फर्दापूरच्या तिठ्यावर खासगी वाहने थांबवून पुढे लेण्यांपर्यंत एस.टी.ची बस नेते. वाहन जेथे सक्तीने थांबते तेथे बाजार उभा राहतो, हा त्यातील धडा आहे. येलदरीस तो थांबा भिंतीच्या तोंडाशी न ठेवता गावात ठेवावा. धरणाच्या सुरक्षिततेलाही ते पोषकच ठरेल.

अडचणी आणि आक्षेप

या विचारावर काही आक्षेप येतील आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप असा की, धरण हे पाण्यासाठी आहे, करमणुकीसाठी नव्हे. तो पूर्णपणे मान्य केला पाहिजे. ज्या जलाशयातून एका जिल्ह्याच्या मुख्य शहराला पिण्याचे पाणी जाते, तेथे काठावर भोजनावळी, पाण्यात उतरणे, निर्माल्य आणि प्लॅस्टिक यांना मुळीच थारा असता कामा नये. जेवण गावात आणि पाणी फक्त डोळ्यांनी, हा नियम सहलीच्या पहिल्या दिवसापासून पाळला गेला पाहिजे. शिस्त नंतर आणता येत नाही.

दुसरा आक्षेप हवामानाचा. येलदरीचा जलाशय दरवर्षी भरतोच असे नाही. वरच्या अंगाला बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा प्रकल्प झाल्यापासून येलदरीत किती पाणी यायचे, हे त्या प्रकल्पाच्या भरण्यावरही अवलंबून राहते. अपुऱ्या पावसाच्या वर्षी काठावरून दिसतो तो गाळ. मराठवाड्याचा एप्रिल-मे तर माणसाला बाहेर पडू देत नाही. तेव्हा हंगाम फार तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी असा पाच महिन्यांचा. याचा अर्थ इतकाच की, सहलीचे उत्पन्न शेतीला जोड देईल. शेतीची जागा घेणार नाही. ज्या वर्षी पाऊस हुलकावणी देतो त्या वर्षी शेती आणि जलाशय दोन्ही एकदम आटतात, हेही विसरता येत नाही. म्हणून गावाने या कामात कर्ज काढून भांडवल गुंतवू नये. असलेल्या चुली, असलेले ओसरे आणि असलेले हात यांवरच सुरुवात करावी.

तिसरी अडचण श्रमाची आहे आणि नियोजनाच्या कागदात ती सहसा दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी चालू असते. त्या दिवसांत गावातील स्त्री शेतात असते. तिने स्वयंपाकासाठी घरी थांबावयाचे तर तिची मजुरी बुडते. पाहुण्याच्या ताटाची किंमत ठरविताना ही बुडालेली मजुरी धरली नाही, तर धंदा तोट्यात चालून कोणालाच कळणार नाही. यावर उपाय म्हणजे पाळ्या लावणे आणि आदल्या संध्याकाळपर्यंत संख्या कळविणे. न आलेल्या पाहुण्याचे शिजलेले अन्न हा लहान माणसाचा मोठा तोटा असतो; म्हणून अर्धी रक्कम आगाऊ घेण्याचा नियम असावा. पौष-माघात ज्वारी हुरड्यावर आली की दिवस सोपे होतात. हुरड्यासाठीचा 'परभणी वसंत' हा वाण परभणीच्या कृषी विद्यापीठानेच दिलेला आहे. बाहेरच्या माणसाला ताज्या हुरड्याचे अप्रूप असते, आणि हुरड्याला ना शीतगृह लागते ना कारखाना. लागतो तो आगटीतला निखारा आणि कणीस चोळणारा हात.

चौथा आक्षेप अधिक खोल आहे. पाहुणे आले की गाव बदलते, तरुण शेती सोडून वाहनांच्या मागे धावतो, आतिथ्याचा बाजार होतो, असे म्हटले जाते. यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? परंतु पाहुणे येऊच नयेत, हा पर्याय आज गावाच्या हाती राहिलेला नाही. रस्ता आहे, वाहने आहेत, धोरणे आहेत, लोक येणारच. प्रश्न एवढाच की, त्यांनी किती यावे, कोठे थांबावे आणि काय करू नये, हे ठरविताना गाव बसलेले असेल की उभे.

ठरविणार कोण?

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ ने ग्रामपंचायतीस यात्रेकरूंवरील कर, जत्रा-उत्सवांवरील कर, आठवडे बाजाराची फी असे काही अधिकार दिले आहेत. तथापि, जलाशय आणि धरणाचा परिसर जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येतो. उद्या तेथील जागा कोणास कराराने दिली गेली, तर भाडे विभागाला, नफा ठेकेदाराला आणि कचरा ग्रामपंचायतीला, अशी वाटणी होण्याचा संभव उघड आहे. म्हणून असा कोणताही करार करताना उत्पन्नातील ठराविक हिस्सा ग्रामपंचायतीच्या खाती जमा करण्याची आणि नोकऱ्यांत स्थानिकांना, विशेषतः ज्यांच्या जमिनी जलाशयात गेल्या त्यांच्या वारसांना अग्रक्रम देण्याची अट करारातच लिहिली गेली पाहिजे. तोंडी आश्वासनांचा अनुभव धरणाकाठच्या गावांना भरपूर आहे.

आणखी एक अडचण सरहद्दीची. शहर नांदेड जिल्ह्यात, औंढा, सिद्धेश्वर व नरसी हिंगोली जिल्ह्यात आणि येलदरी, नेमगिरी परभणी जिल्ह्यात. १९९९ पर्यंत परभणी आणि हिंगोली एकच जिल्हा होता. आज प्रत्येक जिल्हा नियोजन समिती आपापल्या हद्दीपुरता आराखडा करते. यात्रेकरूला या हद्दी दिसत नाहीत. तीन जिल्ह्यांनी मिळून एकच वेळापत्रक करणे हे फार अवघड काम नव्हे. एस.टी. महामंडळाने अष्टविनायक दर्शनासारख्या सहली चालविल्या आहेत. 'आवडेल तेथे प्रवास' हा पासही १९८८ पासून आहे. पण तो चार आणि सात दिवसांचा आहे, आणि येथे गरज आहे एका दिवसाची. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.त अर्धे भाडे लागते. त्यामुळे सकाळी नांदेडहून निघून दुपारी येलदरीस थांबणारी आणि संध्याकाळी परतणारी एक बस हिवाळ्यापुरती सुरू केली, तर ज्यांना खासगी वाहन परवडत नाही अशा नांदेड-वसमतच्या सामान्य कुटुंबांनाही हा दिवस मिळेल. सहल ही केवळ मोटारवाल्यांची चैन राहण्याचे कारण नाही.

यासाठी भव्य प्रकल्प नको, कोनशिला नको. एका हिवाळ्यापुरता प्रयोग करावा: आठवड्यातील तीन ठरलेले दिवस, दिवसाला ठरलेली संख्या, गावातील ठरलेली घरे आणि हंगामाच्या अखेरीस ग्रामसभेत मांडलेला जमाखर्च. त्या जमाखर्चात तोटा दिसला तर गावाने खुशाल प्रयोग बंद करावा. तो निर्णयही गावाचाच असेल. आजवर येलदरीच्या बाबतीतील सर्व मोठे निर्णय गावाबाहेर झाले. पूर्णेचे पाणी अडविण्याचा निर्णय राज्याचा होता, ते कोणाला द्यावयाचे हे कालव्याने ठरविले. पाहुण्याने दुपारी कोणाच्या ओसरीवर जेवावे, एवढी गोष्ट तरी येलदरीने स्वतः ठरवावी आणि शहराने तिच्याप्रमाणे आपले घड्याळ लावावे.